आधी खाड्या मोजाव्यात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मोटारसायकलवरून कोकणच्या किनाऱ्यानं गोव्याच्या हद्दीपर्यंत जायचं आहे असं कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, किती किलोमीटर? दुसरा येतो, गाडी कुठली? आणि तिसरा, जो बहुधा घरातूनच येतो, या वयात? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्या प्रश्नावर हा सगळा बेत उभा राहतो किंवा कोसळतो, तो मला अजून कुणी विचारलेला नाही. तो प्रश्न म्हणजे, वाटेत खाड्या किती?

मुंबईहून गोव्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, राजापूर, कणकवली, कुडाळ. गाडी बरी असेल आणि कंबर शाबूत असेल तर माणूस दीड-दोन दिवसांत सावकाश पोचतो. पण या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. महामार्ग नद्या ओलांडतो त्या वरच्या अंगाला, जिथं त्या अरुंद असतात. मी बोलतोय तो रस्ता याच नद्यांच्या तोंडाशी जातो. मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत. तिथं नदी नदी राहिलेली नसते, खाडी झालेली असते, आणि रस्ता तिच्या काठाशी येऊन चक्क थांबतो. पलीकडच्या काठावर तोच रस्ता पुन्हा सुरू झालेला दिसतो. मधे पाणी.

असं का, हे समजून घेतल्याशिवाय बेत नीट आखता येत नाही. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामधली आपली पट्टी सरासरी पन्नासेक किलोमीटर रुंदीची. जुने रस्ते गेले ते आडवे, घाटाकडून बंदराकडे. मीठ, सुपारी, सुकी मासळी वर जायची आणि धान्य खाली यायचं. उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे उभं जायचं असेल तर रस्ता लागतच नसे, कारण समुद्र होता. गलबत होतं, पुढं आगबोट आली. आमच्या आजीच्या पिढीला मुंबई ठाऊक होती ती बोटीच्या शिडीवरून. तो प्रवास किती बेभरवशाचा होता हेही तिच्या पिढीला ठाऊक होतं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ‘रामदास’चं नाव निघालं की आमच्याकडची म्हातारी माणसं गप्प व्हायची.

आगबोटी बंद झाल्या, आणि बंदरं एकमेकांपासून तुटली. ती रस्त्यानं पुन्हा जोडावीत, रेवसपासून रेडीपर्यंत सागरी मार्ग व्हावा, ही कल्पना १९८०-८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. ते मूळचे आंबेतचे, सावित्रीच्या काठचे. खाडीकाठच्या माणसाला पलीकडच्या तीराची किंमत सांगावी लागत नाही. रस्ता तुकड्यातुकड्यानं झाला. काही खाड्यांवर पूल आले, काहींवर यायचे राहिले. जिथं राहिले, तिथं आज फेरीबोट आहे. रायगड-रत्नागिरीकडे तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. हे नाव कसं पडलं याच्या चार माणसांनी मला चार हकिगती सांगितल्या, आणि चौघंही आपल्या हकिगतीवर ठाम होते.

तर येत्या मार्गशीर्षात मी आणि माझा एक शाळासोबती, आम्ही दोघं दोन मोटारसायकलींवरून हा किनारा करणार आहोत. मित्र एसटीत वाहक होता. तीस वर्षं कोकणातल्या आगारात काढून तो निवृत्त झाला आणि आता मुलाकडे कल्याणला असतो. मी कविता लिहिणारा माणूस, म्हणजे बेत आखण्याच्या कामी निरुपयोगी, असं त्याचं मत आहे. त्यामुळे वही त्याच्या हाती आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्यानं गावं लिहिलेली नाहीत, खाड्या लिहिल्यात.

मांडव्याला पोचण्यासाठी मुंबई बंदर ओलांडायचं. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोठी रोरो बोट सुरू झाली आहे, ती दुचाकीही नेते आणि तासाभरात मांडव्याला उतरवते. पुढं रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल. मुरूडच्या पुढं राजपुरीची खाडी, तिथं आगरदांडा ते दिघी बोट. हरिहरेश्वरच्या पुढं सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी, तिथं बागमांडला ते वेसवी बोट. आंजर्ल्याला पूल. दाभोळला वाशिष्ठी, तिथं दाभोळ ते धोपावे बोट. तवसाळला शास्त्री, तिथं तवसाळ ते जयगड बोट. रत्नागिरीच्या दक्षिणेला मात्र बहुतेक ठिकाणी पूल आहेत. भाट्याला आहे, पूर्णगडला आहे, देवगडकडून कुणकेश्वरला जाताना आहे, आचऱ्याला आहे, कर्लीला आहे. विजयदुर्गच्या वाघोटण खाडीला आतून वळसा घ्यावा लागतो. आणि शेवटी तेरेखोलला गोव्याची बोट, पलीकडं केरी. म्हणजे मुंबईचं बंदर धरून सहा वेळा गाडी बोटीत चढवायची आणि उतरवायची.

आता बघा, या एका पानानं सगळा हिशेब बदलतो. शंभर किलोमीटर म्हणजे दोन तास, असं गणित इथं चालत नाही. बोट सुटताना आपण धक्क्याच्या आधीच्या वळणावर असलो तर पुढच्या बोटीपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. शनिवार-रविवारी मोटारींची रांग असते. दुचाकीला फटीतून जागा मिळते हा आपला फायदा. शेवटची बोट चुकली तर आतून वळसा, आणि तो वळसा काही वेळा दिवसभराच्या प्रवासाएवढा. मोबाइलवरचा नकाशा खाडीवरून सरळ रेघ मारून मोकळा होतो. त्या रेघेवर बोट चालू आहे का, हे त्याला विचारून उपयोग नाही. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारावं. आमचा नियम असा ठरलाय की दिवसाकाठी एक मोठी खाडी, आणि ती दुपारी चारच्या आत ओलांडायची. रोजचं अंतर शंभर, फार तर सव्वाशे किलोमीटर. किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ झालं.

वहीच्या दुसऱ्या पानावर चंद्र आहे. हे मला फार आवडलं. एरवी चंद्र माझ्या वहीत असतो.

किनाऱ्यावरच्या माणसाला एक जुना हिशेब ठाऊक असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. याच्या मुळाशी गंमत एवढीच आहे की भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतो, नेमकं हवं तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघावं. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सहा महिने आधी बेत आखायला एवढं पुरतं. आमच्याकडं तिथीऐवजी चांदाची तारीख बघायची सवय. तिच्यात एक मिळवला की जवळपास तीच तिथी येते, कारण चंद्र दिसतो तो अमावास्येनंतर एखाद-दोन दिवसांनी. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘म्हणजे समुद्र दोन्ही पंचांगं वाचतो म्हण की!’’

चंद्र कशाला हवा? अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते. वेळ न बघता खडकावर उतरलेली माणसं लाटेनं ओढून नेल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. उलट हेदवीची बामणघळ, जिथं खडकाच्या चिरेत पाणी घुसून उंच उसळतं, ती बघायची तर भरती हवी. आम्ही निघण्यासाठी शुद्ध पंचमी धरली आहे. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊ-दहाला. पहिल्या बोटीनं निघालो तर कुलाबा किल्ला साधतो. तिसऱ्या दिवशी सप्तमी, भरती सव्वापाचला, ओहोटी अकराच्या सुमाराला. म्हणजे सकाळी हरिहरेश्वर. पण इथं मित्रानं खोट काढली. सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. भांगाला ते धड चढत नाही, धड उतरत नाही. तेव्हा प्रदक्षिणेची वाट पुरती मोकळी होईल याची खात्री नाही. तिथल्या माणसाला विचारायचं आणि तो नको म्हणाला तर निमूट पुढं निघायचं. आणि बामणघळीची वेळ येते अष्टमीला, ऐन भांगात. म्हणजे ती यंदा गेली. एका चंद्रावर सगळं जमत नाही.

मार्गशीर्ष का, तर पाऊस संपून रस्ते सुकलेले असतात आणि नाताळची गर्दी सुरू झालेली नसते. पावसाळ्यातलं कोकण सुंदर, हे मी कवितेत मान्य करतो. मोटारसायकलवरून नाही. जांभ्याच्या कापातून काढलेल्या रस्त्यावर शेवाळ धरतं, आणि शेवाळावर चाक घसरलं की कविता सुचत नाही. समुद्रातल्या किल्ल्यांकडं जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. ज्यांना कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची आहेत त्यांनी फेब्रुवारी-मार्च धरावा आणि वेळासला मुक्काम करावा. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली आणि एक किनारा वाचवला. नाना फडणविसांचं गाव म्हणून वेळास आधी ठाऊक होतं. आता शाळेतली पोरं ते कासवांचं गाव म्हणून ओळखतात.

मार्गशीर्षात एकच अडचण आहे. मित्राच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात. म्हणजे किनाऱ्यावर बसून, समोर ताजा बांगडा तळला जात असताना, एक दिवस तो आमटीभात खाणार. मी एकटा कसा खाऊ? त्या दिवशी आम्ही दोघंही शाकाहारी.

आता गाडी. इथं तरुण मंडळी कान टवकारतात, पण मला फार सांगायचं नाही. आमच्या दोघांच्याही गाड्या सव्वाशे सीसीच्या आहेत, वयानं प्रौढ आहेत, आणि किनाऱ्याला एवढं बळ पुरतं. मोठी गाडी असेल तर आनंद आहे, पण बोटीच्या उतरत्या फळीवर ती हाताळता आली पाहिजे. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नये. तीन आठवडे आधी करावं आणि मग दीड-दोनशे किलोमीटर गाडी चालवून बघावी, कारण दुरुस्तीनंतरचे दोष दुरुस्तीनंतरच कळतात. टायर गुळगुळीत झाले असतील तर बदलावेत. क्लच आणि ॲक्सिलरेटरची जादा वायर, एक प्लग, हेडलाइटचा बल्ब, फ्यूज, पंक्चरचं सामान, ट्यूबचं टायर असेल तर जादा ट्यूब. चेनला तेल दर चारपाचशे किलोमीटरला. खाऱ्या हवेत थोडं आधीच. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरायचं आणि टाकी अर्ध्यावर आली की पुढचा पंप शोधायचा. ओझं पाठीवर घेऊ नये, सीटवर बांधावं, दोन्ही बाजूंना सारखं आणि खाली. पाठीवरची सॅक पहिल्या दिवशी हलकी असते.

बोटीबद्दल मात्र नीट सांगतो, कारण ते पुस्तकात नसतं. फळी ओली असते, तिच्यावर मीठ आणि चिखल असतो. तिच्यावर सरळ चढायचं, तिरकं नाही, आणि मधे ब्रेक दाबायचा नाही. आत गेल्यावर इंजिन बंद, गाडी गियरमध्ये, आणि आपण गाडीच्या बाजूला उभं. किनारा बघण्याच्या नादात गाडी सोडून कठड्याशी जाऊ नये. उतरताना मोटारींना आधी जाऊ द्यावं. आणि वाळूत गाडी घालू नये. लोक फोटोसाठी घालतात. ओली वाळू घट्ट वाटते आणि दहा पावलांवर चाक रुततं, पाणी चढत असतं, आणि मग गावातली चार माणसं धावत येतात. शिवाय ज्या वाळूत कासव अंडी घालतं, तिच्यावरून चाक फिरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मुक्कामी पोचल्यावर गाडीवरून गोड्या पाण्याच्या दोन बादल्या ओताव्यात. मिठानं गाडी एका दिवसात गंजत नाही, पण सुरुवात त्याच दिवशी होते.

हेल्मेट, परवाना, विम्याचे कागद हे सांगायला नकोच. आमच्या वयाच्या माणसांनी रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम मित्रानं लाल शाईनं लिहिलाय. वळणावर बसलेली गुरं रात्री दिसत नाहीत. खाण्याबद्दल त्याचा एक अनुभवी सल्ला आहे. ज्या गावात एसटीची मुक्कामाची गाडी येते, तिथं दोन माणसांना जेवण कुठंतरी मिळतंच. पण घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून ‘दोन पानं’ सांगावं लागतं. कोकणातली बाई जेवढी माणसं तेवढंच रांधते. रात्री आठला जाऊन ताट मागितलं तर तिची पंचाईत होते आणि आपली उपासमार.

वाटेत काय बघावं याची यादी मी देणार नाही, ती सगळीकडं मिळते. दिवेआगर-श्रीवर्धनच्या आगरांतून मात्र सावकाश जावं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच भागात किनाऱ्यावर आलं आणि पिढ्यांनी वाढवलेल्या पोफळी-माडांच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावून फळ हाती यायला वर्षं लागतात. रस्त्याच्या कडेला एकसारख्या उंचीची कोवळी पोफळ दिसली की समजावं, ही वादळानंतरची लागवड. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव. केळशीला महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा, ज्याला शिवाजी महाराजांनी इनाम दिलं होतं.

आणि मग दाभोळ. इथं मला थोडं थांबायचं आहे.

दाभोळचा धक्का म्हणजे एके काळचं मोठं बंदर. पाण्याजवळच विजापुरी घाटणीची जुनी मशीद आहे, घुमट आणि मिनारांची, आणि तिच्यासमोरून आज मासळीचे टेम्पो जातात. समोर वाशिष्ठीचं रुंद पाणी आणि पलीकडं आमचा गुहागर तालुका. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, दाभोळला दिलेली आहे. माहेर आणि सासर यांच्यामधे खाडी. दिवसा छोटी लाँच चालायची, आणि आपा सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकायची. लोक म्हणायचे, मुलगी जवळ दिली.

१९९८ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी अब्बांच्या छातीत दुखू लागलं. दाभोळला शेजाऱ्यांकडं फोन होता. निरोप पोचला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते, आणि शेवटची लाँच केव्हाच गेली होती. रस्त्यानं यायचं तर दापोली, खेड, चिपळूण आणि मग गुहागर, असा सगळ्या जिल्ह्याला फेरा. रात्री गाडी मिळणं कठीण. होडीवाल्याला विचारलं, पण वारा सुटला होता आणि तो नको म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. आपा आणि दूल्हाभाई रात्रभर धक्क्यावर बसून राहिले. पलीकडच्या काठावरचे दिवे तिला दिसत होते. अब्बा एकच्या सुमाराला गेले. ती सकाळच्या पहिल्या लाँचनं आली. वडीलधाऱ्यांनी दफन तिच्यासाठी थांबवलं होतं, त्यामुळं चेहरा बघायला मिळाला.

२००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. मोटारी, ट्रक, मोटारसायकली पाण्यावरून जाऊ लागल्या, पर्यटक आले, आणि आम्ही लिहिणारी माणसंही आलो. मी स्वतः त्या बोटीवर चार कविता लिहिल्यात. पाण्यावरची पंधरा मिनिटं, इंजिनाची थरथर, कठड्याशी उभी शाळेची मुलं. आता रेवस-रेडी मार्गावर उरलेल्या खाड्यांवर पूल बांधण्याचं काम हाती घेतलेलं आहे. आगरदांडा-दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, सगळे त्यात आहेत. बाणकोटच्या खाडीत याआधी सुरू होऊन रखडलेल्या पुलाचे नुसतेच खांब वर्षानुवर्षं उभे होते, त्यामुळं किनाऱ्यावरचा माणूस पूल होईपर्यंत पुलावर विश्वास ठेवत नाही. पण होतील. आणि मग बोटी जातील.

मागं एकदा मी आपाजवळ म्हणालो की पूल झाला की या रस्त्याची मजाच जाईल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तुला बोटीत गार वारा लागतो, म्हणून मी पूल नको म्हणू का?’’

श्रोतेहो, याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि ते शोधायची मला गरजही वाटत नाही. तिचं खरं आहे. शेवटच्या बोटीनंतर बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर खाडीचं सौंदर्य त्या घराच्या काय कामाचं? बोटी आहेत तोवर हा प्रवास करून घ्यावा असं मी म्हणतो, ते पूल उशिरा व्हावेत म्हणून नव्हे. फक्त एवढंच की पूल झाल्यावर माझ्यासारखा प्रवासी दाभोळला थांबणार नाही. तो साठच्या वेगानं निघून जाईल. धक्क्यावर चहाची टपरी आहे, भजी तळणारी बाई आहे, बोटीवर तिकीट फाडणारी पोरं आहेत. त्यांचं पुढं काय, हा प्रश्न पूल बांधणाऱ्यांच्या वहीत असावा असं वाटतं. आमच्या वहीत चौथ्या दिवसाच्या पानावर लिहिलंय, ‘दुपारचं जेवण आपाकडे’. मित्रानं पुढं कंसात लिहिलंय, ‘बोट कितीची ते तिला विचारणे’. त्याला आपाच्या घरचं जेवण ठाऊक आहे.

पाचव्या दिवशी तवसाळहून जयगड, आणि तिथून मालगुंड. इथं थांबण्याचा हट्ट माझा. १८६६ साली केशवसुत या गावी जन्मले. त्यांच्या घरी आता स्मारक आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभं केलेलं. गणपतीपुळ्याला येणाऱ्या शंभरांतले पाच-दहा जण इथवर येतात. अवघ्या एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात मराठी कवितेचं वळण बदलून गेलेला माणूस एवढ्याशा घरातून निघाला, हे बघून कविता लिहिणाऱ्याला थोडी लाज वाटते, थोडा धीर येतो. मित्र तेवढा वेळ बाहेर चेनला तेल घालणार आहे. पुढं आरे-वारेचा रस्ता, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र. वळणावर गाडी उभी करून फोटो काढू नयेत, थोडं पुढं सपाटीवर जागा आहे. रत्नागिरीत एक रात्र.

तिथून दक्षिणेकडचे दोन दिवस तुलनेनं सोपे. पूल आहेत, रस्ता बरा आहे, आणि आंब्याचा मोसम नसल्यानं देवगडकडं ट्रकही कमी. मालवणला मुक्काम. मग वेंगुर्ला. या एका तालुक्यानं मराठीला किती द्यावं? मंगेश पाडगावकर १९२९ चे, चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजे आरती प्रभू १९३० चे, दोघांचा जन्म इथला. पुढं आरवली जयवंत दळवींचं. शिरोड्याला वि. स. खांडेकरांनी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, आणि तिथल्याच मिठागरात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. तिठ्यातिठ्यावर एक लेखक भेटतो. माझी सूचना अशी होती की इथं दोन दिवस द्यावेत. वहीत अर्धा दिवस आहे.

रेडीवरून तेरेखोल, आणि शेवटची बोट. केरीला उतरलं की गोवा, आणि आमचा किनारा संपला.

राहिला परतीचा प्रश्न, तो आमच्यात अजून मिटलेला नाही. मित्र म्हणतो, आंबोलीच्या घाटानं वर चढू, कोल्हापूरमार्गे घाटमाथ्यानं घरी जाऊ. मी म्हणतो, गाड्या कोकण रेल्वेनं पार्सल करू आणि आपण खिडकीशी बसून येऊ. पार्सलसाठी पेट्रोलची टाकी रिकामी करावी लागते, गाडीला गोणपाट गुंडाळावं लागतं, नोंदणीच्या कागदाची प्रत द्यावी लागते. मित्राला हे अपमानाचं वाटतं. त्याच्या बायकोनं मात्र आम्हा दोघांना एकच तारीख बजावून ठेवली आहे. शेवटच्या गुरुवारी उद्यापन आहे, त्या दिवशी सकाळी घरी हजर राहायचं. तेव्हा निकाल बहुधा रेल्वेच्या बाजूनं लागेल.